वडील गेले त्या वर्षी सुक्कोथचा आनंद कसा करायचा?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं. आषाढात वडील गेले. भाऊ इस्राएलमध्ये, आई पनवेलला एकटी, ताई स्वतः पुण्यात, घरात दहा वर्षांची मुलगी. सुक्कोथ, म्हणजे झावळ्यांच्या मांडवात बसून जेवायचा आपला यहुद्यांचा सण, तोंडावर आलाय. आई म्हणते, घरातलं माणूस गेलंय, वर्षभर सण करायचा नसतो. तोरा, म्हणजे आपला पाच पुस्तकांचा धर्मग्रंथ, मात्र सांगते की सणात आनंद करा, आणि तेही आज्ञा म्हणून. ताई विचारतात: हुकमानं आनंद होतो का? मनात नसताना हसरा चेहरा करणं हे ढोंग नाही का? आणि सणाच्या आनंदात आध्यात्मिक बळ असतं म्हणतात, ते नक्की काय असतं?

ताई, मी रायगड जिल्ह्यातल्या एका लहान सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनामंदिरात) अठ्ठावीस वर्षं हझानचं, म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणवून घेण्याचं, काम करतोय. मी रब्बी, म्हणजे शास्त्र शिकलेला धर्मगुरू, नाही. कोकणातल्या यहुद्यांच्या आपल्या बेने इस्राएल समाजात पिढ्यान् पिढ्या रब्बी नव्हतेच, हझानांनीच सगळं सांभाळलं. त्यामुळे पुढे जे सांगतो त्यात पुस्तकातलं थोडं आहे, आणि तेबावर, म्हणजे सिनेगॉगमधल्या प्रार्थनेच्या चौथऱ्यावर, उभं राहून समोरची माणसं बघताना कळलेलं जास्त.

तुमच्या प्रश्नात मला तीन गाठी एकात एक अडकलेल्या दिसतात. शोकाचा नियम काय, आनंद म्हणजे काय, आणि आईला काय सांगायचं. तुम्ही पहिल्या गाठीपासून सुरुवात केलीत, पण खरी अडचण दुसऱ्या गाठीत आहे. तरी पहिली आधी सोडवतो, कारण ती लवकर सुटते.

आपल्या शास्त्रात शोकाचे टप्पे आखलेले आहेत. सात दिवसांचं बसणं, तीस दिवसांचे श्लोशीम, आणि फक्त आईवडिलांसाठी बारा महिने. सण मध्ये आला तर सुरू झालेलं सात दिवसांचं बसणं तिथंच संपतं, उरलेले दिवस पुन्हा बसायचं नसतं. तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, याचं कारण दिलंय: सणाचा आनंद ही सगळ्या समाजाची आज्ञा आहे आणि शोक एकट्याचा आहे, म्हणून एकट्यानं सगळ्यांसाठी बाजूला व्हायचं. तुमचे तीस दिवस कधीच होऊन गेलेत. बारा महिन्यांत तुम्ही लग्नाच्या मेजवान्या, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम टाळाल, ते बरोबरच आहे. पण सुक्का म्हणजे सणाचा मांडव बांधणं, त्यात जेवणं, पेल्यावरची किद्दुशची प्रार्थना, हाल्लेलची स्तुतीची स्तोत्रं यातलं काहीही तुमच्यावरून उतरलेलं नाही. वर्षभर सण नाही ही रीत आपण शेजाऱ्यांकडून घेतली. शेकडो वर्षं एकाच आळीत राहिल्यावर असं होणारच, आणि त्यामागची माया खोटी नाही. फक्त ती तोरेची आज्ञा नाही, एवढं लक्षात असू द्या.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत, त्या इथं बसून मला सांगता येणार नाहीत. सुक्कोथच्या शेवटी येणाऱ्या सिम्हाथ तोराच्या रात्री शोकातल्या माणसानं सेफेर तोरा, म्हणजे तोरेची गुंडाळी, घेऊन फिरावं की नाही, याच्या रीती जागोजागी वेगळ्या आहेत. काही ठिकाणी एक फेरी घेतात पण नाचत नाहीत, काही ठिकाणी नुसते उभे राहतात. तुम्ही ज्या सिनेगॉगमध्ये जाल तिथल्या हझानांना विचारा आणि ते सांगतील तसं करा. दुसरं, तुम्हाला किंवा आईला रात्र रात्र झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर ते सणानं बरं होणारं दुखणं नाही. आधी डॉक्टरांकडे जा. अशा माणसाला ‘आनंदी राहा, आज्ञा आहे’ असं सांगणं मी पाप समजतो.

आता मूळ मुद्दा. तोरेत सणाच्या आनंदाची आज्ञा आहे ती दवारीम या पाचव्या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात. ती वाचताना आपण ‘आनंद कर’ या शब्दाशीच थांबतो. पुढे यादी आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, आणि तुझ्या वेशीच्या आतला लेवी (मंदिराचा सेवक), परका, अनाथ आणि विधवा. फ्रान्समध्ये ११व्या शतकात होऊन गेलेले भाष्यकार राशी या यादीवर जुना मिद्राश, म्हणजे रब्बींनी उलगडलेला अर्थ, सांगतात. तुझे चार आणि माझे चार, असं देव म्हणतो. मुलगा, मुलगी, दास, दासी हे तुझे. लेवी, परका, अनाथ, विधवा हे माझे. तू माझ्या चौघांना आनंद दिलास तर मी तुझ्या चौघांना देईन.

ही यादी मी तरुणपणी शंभरदा वाचली असेल, पण तिचा अर्थ फार उशिरा डोक्यात शिरला. मनात अमुक भावना उत्पन्न कर, असं इथं कुठंच सांगितलेलं नाही. दिलंय ते काम, कुणाला तरी आनंद देण्याचं. आणि काम हुकमानं होऊ शकतं. १२व्या शतकातल्या रंबाम या शास्त्रकारानं तर हे फार कडक शब्दांत लिहून ठेवलंय. सणात आपल्या बायकामुलांबरोबर खातो-पितो पण अंगणाचं दार लावून घेतो, गरिबाला आणि मनानं कडू झालेल्याला जेवू घालत नाही, त्याचा आनंद हा आज्ञेचा आनंद नव्हे, तो त्याच्या पोटाचा आनंद. ‘मनानं कडू झालेला’ हे त्यांचेच शब्द. म्हणजे गरिबाच्या शेजारी त्यांनी दुःखी माणसालाही बसवलंय. ताई, या वर्षी त्या जागेवर तुम्ही आणि तुमची आई आहात. तुमच्यासाठी कुणीतरी दार उघडं ठेवायला हवं. आणि तुम्हीही, जमेल तेवढं, कुणासाठी.

आपल्या पवित्र शास्त्रातल्या नहेम्याच्या पुस्तकातला ८वा अध्याय घरी असेल तर काढून वाचा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेममध्ये पाणी-वेशीसमोरच्या चौकात जमलेत. सातव्या महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे आपला नव्याचा सण, नवीन वर्षाचा रोश हशाना. एज्रा शास्त्री तोरा वाचून दाखवतो आणि ऐकता ऐकता सगळा चौक रडायला लागतो. किती वर्षं फुकट गेली, काय काय हरवलं, हे त्यांना त्या क्षणी कळलेलं असतं. त्यांचं रडणं खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. पण नहेम्या आणि एज्रा सांगतात, आज रडू नका, आजचा दिवस पवित्र आहे. जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. खिन्न होऊ नका, कारण परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ आहे. ‘बळ’ म्हणून जो हिब्रू शब्द तिथं आहे, मा‘ओझ, त्याचा अर्थ गढी किंवा किल्ला असाही होतो. आनंदाच्या आध्यात्मिक बळाबद्दल जे बोललं जातं त्याचं मूळ या ओळीत आहे. आणि या ओळीच्या आधीच वाटे पाठवण्याचं सांगून झालंय. लोक गेले, वाटे पाठवले, आणि त्यानंतर त्यांना फार मोठा आनंद झाला असं पुस्तक सांगतं. आधी ताटं निघाली, आनंद मागून आला. त्याच महिन्यात त्यांनी छपरांवर, अंगणांत, चौकांत सुक्के बांधले.

आपल्या जुन्या माणसांना हे पुस्तक न वाचताही ठाऊक होतं, असं मला वाटतं. किप्पूरच्या, म्हणजे मोठ्या उपासाच्या, दुसऱ्या दिवशी ते शिळा सण पाळायचे. त्या दिवशी गोरगरिबांना द्यायचं आणि एकमेकांच्या घरी जायचं. आणि मलिद्याचं ताट आठवा. पोहे, नारळ, साखर, फळं, सुका मेवा. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन केलेला मलिदा कधी एकट्यानं बसून खाल्लाय कुणी?

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तुम्ही ढोंगाबद्दल विचारलंत आणि एका वर्षी मी स्वतःला तोच प्रश्न विचारत होतो.

माझा थोरला भाऊ रोश हशानाच्या चार दिवस आधी गेला. सण आला आणि चार दिवसांतच बसणं संपलं. किप्पूर आला आणि तीस दिवसही संपले. भावासाठी त्याच्यापुढे शोक नाही. म्हणजे सुक्कोथच्या दिवशी, माणूस जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि शास्त्राच्या हिशेबानं मी मोकळा होतो. मला इतका राग आला होता की किप्पूरची शेवटची प्रार्थना मी कशी म्हटली हे मला आठवत नाही. दरवर्षी सुक्क्यासाठी माडावर चढून झावळ्या उतरवायचं काम त्याचं होतं. मी खाली उभं राहून त्या गोळा करायचो. मी ठरवलं, या वर्षी मांडव नाही. सिनेगॉगच्या अंगणात काय ते होईल, घरी नाही.

आमच्या शेजारी एक आगरी कुटुंब आहे. त्या घरातली वहिनी कुंपणाशी आली आणि म्हणाली, “काका, मांडव कधी घालताय?” मी म्हटलं, “या वर्षी नाही. घरात माणूस गेलंय.” ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ते खरं. पण मग पोरांनी केळी कुठं खायची?”

सुक्क्याला आम्ही केळी, पेरू, सीताफळं टांगतो. सण संपेपर्यंत त्या फळांना हात लावायचा नाही हा नियम आळीतल्या सगळ्या पोरांना पाठ आहे. शेवटच्या दिवशी ती वाटायची. आम्ही भाऊभाऊ बरीच वर्षं हे करत होतो आणि मला वाटत होतं की सण आमचा आहे. त्या दिवशी कळलं की तो त्या पोरांचाही झालेला आहे, आणि मी माझ्या दुःखाचं कुलूप त्यांच्या दारालाही लावत होतो. तिचा मुलगा माडावर चढला. मी खाली उभा राहून झावळ्या गोळा केल्या. गोळा करताना रडलोही.

त्या आठवड्यात मला आनंद झाला का? पहिल्या रात्री नाही. किद्दुशचा काळ्या मनुकांचा शरबत घशाखाली उतरत नव्हता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरं फळं मोजत होती, कुठलं कुणाचं यावरून भांडत होती, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यांचं भांडण सोडवतोय आणि बराच वेळ स्वतःचा विचार केलेला नाही. आनंद म्हणून मला त्या वर्षी जे मिळालं ते एवढंच, पण त्यानं मला हिवाळ्यापर्यंत नेलं.

म्हणून ढोंगाबद्दल माझं मत असं. चेहरा हसरा करणं हे ढोंग होऊ शकतं, आणि ते कुणी मागितलेलंच नाही. केळी टांगणं हे ढोंग होऊ शकत नाही. टांगली की ती टांगलेली असतात, तुमचं मन कसंही असो.

सुक्का बघा ना कसा असतो. छप्पर झावळ्यांचं, आतून चांदण्या दिसाव्यात इतकं विरळ, फक्त उन्हापेक्षा सावली जास्त हवी. वर पत्रा घातला तर तो सुक्काच नाही. वर्षातला सगळ्यात आनंदाचा सण, प्रार्थनेत ज्याला ‘आमच्या आनंदाचा काळ’ म्हणतात तो, आणि बसायचं मात्र पक्क्या घरातून बाहेर येऊन अशा छपराखाली. धान्य घरात आलंय, आता निर्धास्त झालो असं वाटायला लागतं, नेमकं तेव्हाच. आपल्या कोकणात तर परतीचा पाऊस हमखास गाठतो. मिश्नात, म्हणजे तालमूदच्या मूळ भागात, पावसाचा नियम आहे: पेज खराब होईल इतकं पाणी आत आलं की सुक्क्यातून उठून घरात जावं. ज्याला त्रास होतोय त्याच्यावर सुक्क्यात बसण्याची सक्ती नाही. मला हा नियम फार जवळचा वाटतो. आनंदाची आज्ञा देणाऱ्या शास्त्राला माणसाचा त्रासही दिसतो. तुम्हाला एखाद्या जेवणात हुंदका आला तर उठून आत जा. पाऊस थांबला की परत या.

दुःख विसरून करायचा आनंद आपल्याकडे नाहीच. लग्नात पेला फोडतात तो यरुशलेमच्या पडलेल्या मंदिराच्या आठवणीसाठी. पेसाहच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, संदर्भात तोरेत ‘आनंद कर’ हा शब्द एकदाही येत नाही, शावुओथ या कापणीच्या सणाला एकदा आणि सुक्कोथला तीनदा येतो. एक जुना मिद्राश कारण देतो की पेसाहच्या वेळी मिसरी लोक मेले होते. शत्रूच्या मरणाचाही ज्या सणात हिशेब ठेवलाय, तिथं तुमच्या बाबांना विसरा असं कोण म्हणेल?

आता ते बळ. मंदिर उभं होतं तेव्हा सुक्कोथच्या रात्री यरुशलेममध्ये पाणी भरण्याचा सोहळा असे. मिश्ना म्हणते, तो ज्यानं पाहिला नाही त्यानं आयुष्यात आनंदच पाहिला नाही. मोठे मोठे दिवे लागत, शहरातलं एकही अंगण अंधारात राहत नसे, आणि नाचत कोण होतं? वयस्क, धर्मनिष्ठ, मानाची माणसं, हातात मशाली घेऊन. रब्बान शिमोन बेन गमलीएल आठ पेटत्या मशाली हवेत झेलायचे. यरुशलेमी तालमूद सांगतो की तिथं माणसं पाण्याबरोबर पवित्र आत्माही भरून घेत. योना संदेष्ट्याला पवित्र आत्मा मिळाला तो याच सोहळ्यात, कारण तो फक्त आनंदी हृदयावर उतरतो.

हे ऐकलं की तुमच्यासारख्या माणसाला अजून वाईट वाटतं, मला ठाऊक आहे. माझं हृदय आनंदी नाही, म्हणजे मला दार बंद! म्हणून त्याच्या जोडीला अलीशा संदेष्ट्याची गोष्ट ठेवा. तीन राजे त्याच्याकडे देवाचा शब्द विचारायला आले. इस्राएलच्या राजाला पाहून अलीशा भडकला, आणि त्या मनःस्थितीत त्याच्याकडे शब्द नव्हता. त्यानं काय केलं? मन आपोआप शांत होईल म्हणून वाट पाहिली नाही. म्हणाला, एक वाजवणारा आणा. वाजवणारा वाजवू लागला आणि मग देवाचा हात त्याच्यावर आला. संदेष्ट्यालासुद्धा आनंद दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागला. मी तेबावर गातो तेव्हा हे डोक्यात असतं. समोरच्या बाकावर कुणीतरी असतं ज्याच्याकडे आज स्वतःचं गाणं नाही. माझं काम त्याला हसवणं नाही, त्याच्यासाठी वाजवत राहणं आहे. पुढल्या वर्षी मी त्या बाकावर असेन आणि वाजवणारा दुसरा असेल.

हे एकट्याचं काम नाही, एवढं कळलं की सोव्हिएत काळातलं मॉस्को समजतं. १९६०च्या दशकात तिथले हजारो तरुण यहुदी सिम्हाथ तोराच्या रात्री सिनेगॉगबाहेरच्या रस्त्यावर जमून नाचत. बहुतेकांना हिब्रू वाचता येत नव्हतं, प्रार्थना माहीत नव्हत्या, आपली नावं टिपली जातायत हे माहीत होतं. त्यांच्याकडे तोरेतलं एवढंच उरलं होतं, बरोबर नाचणं, आणि तेवढ्यानं त्यांना पकडून ठेवलं. आणि २०२३च्या ७ ऑक्टोबरला, नेमक्या सिम्हाथ तोराच्याच दिवशी, इस्राएलवर हल्ला झाला. तिथं माझेही नातेवाईक आहेत. पुढच्या वर्षी नाचायचं का, हा प्रश्न त्यांनी मला फोनवर विचारला होता. मी म्हटलं, सेफेर तोरा उचला, पाय उचलतात का ते मग बघा. त्यांच्याकडे कुणी एक फेरी गप्प राहून घातली, कुणी गायलं, कुणी भिंतीला टेकून उभे राहिले. सगळे आले मात्र.

राहिली आईची गोष्ट. त्यांच्याशी शास्त्रावरून वाद घालू नका. ‘सण करायचा’ असं म्हणूच नका. तालमूदमध्ये सणात कुणाला कशानं आनंद द्यावा याची चर्चा आहे: मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड, बायकांना नवे कपडे, पुरुषांना द्राक्षारस. ज्याला जे रुचतं ते. तेव्हा तुमच्या आईला काय रुचतं ते तुम्हाला ठाऊक, मला नाही. पण सगळ्या आयुष्यात सणाला दुसऱ्यांना वाढत आलेल्या बाईला ‘तू बस, आराम कर’ म्हटलं तर ती आणखी एकटी पडते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. त्यांना काम द्या. नातीला म्हणावं, आजीकडून फळं दोऱ्यात ओवायला शिक. एक ताट करून शेजारी पाठवायला सांगा. बाबांच्या नावानं पाठवायचं आहे म्हणा, ते खरंच आहे.

पुण्यात तुमच्या सोसायटीत मांडवाला जागा नसेल तर पनवेलला आईच्या अंगणात किंवा गच्चीवर घाला. वर आकाश मोकळं हवं, झाडाखाली किंवा दुसऱ्या गच्चीखाली चालत नाही. झावळ्या सुट्या घ्या, विणलेले झाप नकोत. गच्चीही नसेल तर सिनेगॉगच्या सुक्क्यात एक जेवण तरी तिघींनी मिळून जेवा, आणि जाताना हातात काहीतरी न्या, अर्धा डझन केळी का होईना. किप्पूरचा उपास सुटला की त्याच रात्री सुक्क्याचं काम सुरू करायची जुनी रीत आहे. त्या रात्री पनवेललाच राहा, आणि पहिला बांबू उभा करताना दुसऱ्या टोकाला आईचा हात लागेल असं बघा.